उरलेल्या काड्या

म्हैसूरला आल्यावर पहिली काही वर्षं मी घरातच होते. नवऱ्याची नोकरी हेब्बाळच्या एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची, आणि मी सरस्वतीपुरममधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत कॉफीचा पेला धरून उभी राहायची. खालून स्कूटर जायच्या, सायकलवरून क्लासला निघालेली मुलं जायची, आणि त्यांच्या मागे रस्ता पुन्हा शांत व्हायचा, पाण्यात टाकलेला खडा बुडून गेल्यासारखा.

सांगलीला मी वाणिज्य शाखेत शिकले होते, मार्केटिंग हा विषय घेऊन. मार्केट रिसर्चची व्याख्या मला तेव्हापासून पाठ होती. ग्राहक, वस्तू आणि बाजार यांची माहिती पद्धतशीर गोळा करायची, ती तपासायची आणि तिच्या आधारावर धंद्यातले निर्णय घ्यायचे. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळत. पुढे लग्न झालं, गाव बदललं, आणि ती व्याख्या माझ्याजवळ तशीच पडून राहिली.

मुलगी मोठी झाली, दिवस मोकळे झाले, तेव्हा ओळखीतून एका अगरबत्तीच्या कारखान्यात काम मिळालं. कारखाना हेब्बाळच्याच औद्योगिक भागात होता, फार मोठा नाही. मालक पन्नाशीचे, शांत, बोलण्याआधी थोडं थांबणारे. कन्नड आणि इंग्रजी मिसळून आमचं बोलणं चालायचं. त्यांच्या ऑफिसात शिरलं की सगळे वास एकमेकांत विरघळून एकच जाड, गोडसर वास यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण कुठल्यातरी देवघरात बसल्या बसल्या झोपलो आहोत आणि जाग येत नाहीये.

"माझ्या वडिलांना दुकानात तासभर उभं राहिलं की कळायचं लोकांना काय हवंय," ते म्हणाले. "मला तसं कळत नाही, मॅडम. आता तर लोक दुकानात बोलतसुद्धा नाहीत, उचलतात आणि जातात. तुम्ही घरोघर जाऊन विचारा."

त्यांच्याकडे तीन नवे वास तयार होते आणि बाजारात एकच आणायचा होता. तीन वासांच्या काड्यांच्या जुड्या आम्ही बांधल्या. जुड्यांना नंबर द्यायचे नाहीत असं मी सुचवलं, कारण एक नंबर दिला की लोक त्यालाच पहिला नंबर देऊन मोकळे होतात. म्हणून दोरे बांधले. हिरव्या दोऱ्याच्या जुडीत चाफ्याचा दाट वास होता. तपकिरी दोऱ्याचा वास साधा, थोडं चंदन, थोडा धूप, आधी कुठेतरी आलेला वाटावा असा. आणि निळ्या दोऱ्याचा वास अगदी वेगळा होता, वाळ्याचा, ओल्या मातीचा, दूरवरून आल्यासारखा. मालकांचा जीव निळ्यावर होता. ते तसं म्हणाले नाहीत, पण ती जुडी ते जरा हळुवार धरायचे.

मी आमच्याच भागातली चाळीसेक घरं निवडली. प्रत्येक घरी तिन्ही जुड्या द्यायच्या, तीन आठवडे जायचं, दर आठवड्याला एक फॉर्म भरून घ्यायचा. वास आवडला का, किती आवडला, तो वास आला की काय आठवतं, विकत घ्याल का. फॉर्म कन्नडमध्ये होता, शेजारणीला हाताशी धरून लिहिलेला. माझं स्वतःचं कन्नड भाजीवालीपर्यंतच पोचायचं.

ते थंडीचे दिवस होते. सकाळी चामुंडी टेकडी धुक्यात नसल्यासारखीच असायची आणि रस्त्याकडेच्या झाडांना गुलाबी फुलं यायला लागली होती. मी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायची, फाटकाची कडी वाजवायची. लोक बसवून घ्यायचे, कॉफी द्यायचे आणि डोळे मिटून आठवायचे. एका बाईंना हिरव्या वासाने भावाच्या लग्नाचा मांडव आठवला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना निळ्या वासाने नवी कोरी वही आठवली, का ते त्यांनाही सांगता येईना. मी लिहून घ्यायची. दुपारी घरी येऊन फॉर्म पसरले की मला वाटायचं, आपण लोकांच्या झोपेतून चालत आलो आहोत आणि कुणाला जाग आली नाही.

त्या घरांपैकी एक घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. दारात पारिजातक, व्हरांड्यात एक लाकडी आरामखुर्ची, आणि तिच्यात एक म्हातारे गृहस्थ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी बेंगळुरूला. मी पाठ केलेलं कन्नड बोलायला सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"मराठी काय तुम्ही? मग सुम्ने कशाला त्या कन्नडाला त्रास देता? या, कूतकोळी. बसा की."

सुम्ने म्हणजे उगाच, हे मला तोवर कळायला लागलं होतं. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मराठी होतं, पण ते मराठी मी सांगलीला कधी ऐकलं नव्हतं. वाक्य मराठीत निघायचं आणि मधेच कन्नडच्या ओसरीवर टेकून पुढे जायचं. मी त्यांना काका म्हणू लागले. दुसऱ्या खेपेला ते तुम्हीवरून तूवर आले.

काकांचे फॉर्म इतरांसारखे नव्हते. काडी लावून ते तिच्या धुराकडे बघत बसायचे आणि मग सावकाश सांगायचे. हिरवा वास म्हणजे देवळाबाहेर फुलं विकणारीच्या टोपलीखालचं ओलं फडकं. तपकिरी म्हणजे आमच्या देवघराचा कोनाडा, अष्टे, एवढंच, आणखी काय सांगू. आणि निळी काडी लावली तेव्हा ते डोळे मिटून खुर्चीत असे मागे रेलले की मला वाटलं त्यांचा डोळा लागला.

"नोडम्मा, बघ, तलकाडला देवळं वाळूत पुरलेली आहेत," ते म्हणाले. "मी शाळेची मुलं घेऊन जायचो. पहाटे कावेरीवरून वारा येतो. वरची वाळू कोरडी असते. पण हाताने जरा उकरलं की आत गार, ओली. त्या आतल्या वाळूला एक वास असतो. हा तोच."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. घरी येऊन निळी काडी लावली आणि डोळे मिटले. तलकाडला मी तोवर गेले नव्हते. तरीही मला वाळू दिसली, तिच्यातून वर आलेला दगडी कळस दिसला, तळहाताला गारवासुद्धा लागला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी तशीच बसले होते.

मालकांना मी तो फॉर्म वाचून दाखवला. वाचताना माझा आवाज बदलला असणार. ते खुर्चीत मागे टेकले.

"हेच," ते म्हणाले. "हेच मला म्हणायचं होतं, पण शब्द नव्हते."

तशी बाकीच्या घरांतूनही निळ्याला मतं होतीच. बहुतेकांनी "छान आहे", "वेगळा आहे", "घेऊ" असं सांगितलं होतं. तपकिरीच्या पुढे "नेहमीचाच", "साधा" असं लिहिलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बाकीचे फॉर्म आम्ही दोघांनी नीट पाहिले नाहीत. मालकांनी पाकिटाचं चित्र काढायला सांगितलं: वाळूच्या टेकड्या आणि पहाट.

शेवटच्या आठवड्यात मी काकांकडे गेले ती सकाळी अकराच्या सुमाराला. त्यांनी निळी काडी लावली होती. आम्ही व्हरांड्यात बसलो, ते नदीकाठच्या झाडांबद्दल सांगू लागले. मी लिहीत होते. लिहिता लिहिता मला करपल्याचा वास आला. आधी वाटलं शेजारून येत असेल. मग तो वाढत गेला, कडू आणि दाट, काडीचा वास त्यात पार बुडून गेला. काका बोलतच होते. अगदी शांतपणे, अर्धे डोळे मिटून, वाऱ्याला वाळूचा वास कसा असतो ते सांगत होते.

मी उठून आत धावले. गॅसवर दुधाचं पातेलं काळं पडलं होतं, धूर छतापर्यंत गेला होता. गॅस बंद केला, खिडकी उघडली. मागे वळले तर काका दारात उभे होते.

"दूध," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले. "विसरलो."

"काका, वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते परत जाऊन खुर्चीत बसले. मीही जाऊन समोर बसले. काडी अजून जळत होती.

"त्या साथीत वास येणंच गेलं," ते म्हणाले. "ताप आला, उतरला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, थोडे दिवस लागतील. चार वर्षं होत आली. कुणाला सांगितलं नाही. मुलीला कळलं असतं तर एकटं राहू दिलं नसतं मला. गॅस कळत नाही, अन्न खराब झालेलं कळत नाही, बाबा चला म्हणाली असती. मला हे घर सोडायचं नव्हतं."

"मग हे सगळं? वाळू, फुलांची टोपली?"

"ते खरं आहे, अम्मा. ते खोटं नाही." त्यांनी काडीकडे बोट दाखवलं. "तू आलीस आणि विचारलंस, काय वास येतो. चार वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी काडी लावायचो, धूर वर जाताना बघायचो आणि थांबायचो. वास यायचा नाही. पण थोड्या वेळाने काहीतरी यायचं. तेच सांगितलं."

मला त्यांचा राग आला नाही. माझा मात्र आला. मी इतकी सुंदर वाक्यं उतरवून घेतली आणि एकदाही विचारलं नाही की काका, तुमच्या नाकाला वास येतो ना. फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

"माझा फॉर्म फाडून टाक," ते म्हणाले. "पण बाकीच्यांचे तरी बरोबर आहेत कशावरून?"

"त्यांना वास येतो, काका."

"येतो. पण तू पाहुणीसारखी जातेस, कॉफी पितेस, आणि विचारतेस आवडलं का. तोंडावर कोण नाही म्हणेल तुला? मी वर्गात विचारायचो, समजलं का रे? सगळे म्हणायचे, समजलं सर. मग मी वह्या बघायचो. वह्यांत कळायचं."

"मग लोकांना काय विचारू?"

"विचारू नकोस. उरलेल्या काड्या परत माग. अष्टे."

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेले. टेबलावर पाकिटाचं चित्र आलेलं होतं. वाळूवर फिकट सोनेरी उजेड पडला होता. मी त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते खोटं बोलले का?"

"नाही सर. आठवण खरी होती. वास नव्हता."

"मी वास विकतो, मॅडम," ते म्हणाले. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. मग त्यांनी चित्र उचलून उलटं ठेवलं. "त्यांची चूक नाही. मला जे ऐकायचं होतं तेच मी त्यांच्या फॉर्ममध्ये ऐकलं. तुम्हीसुद्धा."

मी मान हलवली. आठ दिवस मागितले. त्यांनी दिले.

मी पुन्हा त्याच घरांच्या कड्या वाजवल्या. या वेळी हातात फॉर्म नव्हता, तीन रिकाम्या पिशव्या होत्या. उरलेल्या काड्या परत हव्यात म्हटल्यावर लोक थोडे गोंधळायचे, मग शोधायला आत जायचे, आणि मी त्यांच्या मागे मागे जायची. तीन आठवडे मी बैठकीच्या खोल्यांत बसले होते. आता पहिल्यांदा देवघरं बघितली, फ्रिजवरचे पेले, शिवणयंत्राचे खण.

निळ्या काड्या जवळजवळ सगळीकडे होत्या. एका घरी पूजेच्या वस्त्राखाली जपून ठेवलेल्या, एका घरी खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत. एक बाई म्हणाल्या, "तो वास फार सुंदर आहे हो. पाहुणे आले की लावायच्या म्हणून ठेवल्यात."

"पाहुणे आले होते का?"

त्या हसल्या. "आले होते. तेव्हा आठवणच राहिली नाही."

हिरव्या काड्यांनी दोन-तीन घरांत डोकं दुखलं होतं, पण फॉर्मवर तसं कुणी सांगितलं नव्हतं. आणि तपकिरी काड्या जवळजवळ कुठेच नव्हत्या. नुसता दोरा सापडायचा, कधी तोही नाही. भावाच्या लग्नाचा मांडव आठवलेल्या बाईंनी मला दारातच विचारलं, "तपकिरीतली आणखी एखादी जुडी आहे का?" त्यांच्या देवघरात मी उभी राहिले तेव्हा दिसलं, उदबत्तीच्या घरात एकाच वेळी दोन काड्या खोचलेल्या होत्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, एक काडी पूजा संपायच्या आत विझते. ती विझली की लगेच लावायला म्हणून दुसरी आधीच खोचून ठेवते. पुढच्या घरांत मी आधी देवघर बघू लागले. बऱ्याच ठिकाणी तसंच होतं.

त्या आठ दिवसांत माझ्या मनातली ती जुनी व्याख्या हळूहळू उलगडत गेली. माहिती गोळा करायची म्हणजे लोकांचे शब्द गोळा करायचे असं मी समजत होते. माणूस मनापासून सांगतो, खोटं बोलत नाही, तरीही त्याचा हात सकाळी काडेपेटी घेऊन जिकडे जातो तिकडे त्याचे शब्द गेलेले असतातच असं नाही. आणि ऐकणाऱ्याला जे आवडतं ते त्याला मोठ्याने ऐकू येतं. एवढं कळलं की मग निर्णय घ्यायचा.

मालकांच्या टेबलावर मी तीन पिशव्या उलट्या केल्या. निळ्या काड्यांचा मोठा ढीग झाला, हिरव्यांचा त्याहून लहान, आणि तपकिरीच्या जागी चार-पाच काड्या आणि दोऱ्यांचा एक गुंता. त्या दोन काड्यांचंही सांगितलं. त्यांनी निळ्या ढिगावरून हात फिरवला. मग त्यातली एक काडी उचलून खिडकीतल्या उदबत्तीच्या घरात लावली.

"ही माझ्यासाठी," ते म्हणाले. "बाजारात तपकिरी जाईल. जरा लांब काडी करू."

तपकिरी वासाची, पूजा संपेपर्यंत टिकणारी काडी त्या वर्षी साध्या पाकिटात बाजारात गेली. फार गाजावाजा झाला नाही. पण दुकानदार पुन्हा पुन्हा मागवत राहिले, आणि आमच्या गल्लीत सकाळी चालायला निघालं की तो वास दोन-चार घरांतून रस्त्यावर येऊ लागला. मालकांच्या ऑफिसात मात्र अजूनही निळा असतो.

काकांच्या मुलीला मी काही सांगितलं नाही. तुम्हीच सांगा, नाहीतर मला झोप लागणार नाही, एवढं त्यांना म्हटलं. त्यांनी पंधरा दिवस घेतले. मुलगी रविवारी आली, वडिलांशी भांडली, रडली, आणि संध्याकाळपर्यंत गॅसची शेगडी उचलून तिथे विजेची ठेवून गेली. काका घरातच राहिले. ती आता रोज फोन करून विचारते, फ्रिजमध्ये काय आहे आणि कधीचं आहे.

मी आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जात राहिले. फॉर्म संपले होते, पण त्यांनी नवीन पद्धत काढली.

"आता मी विचारतो, तू सांग," ते म्हणायचे. "आत्ता काय वास येतोय?"

मग मी व्हरांड्यात डोळे मिटून बसायची. पलीकडच्या घरात कॉफीची बी भाजताहेत, सांगायची. गल्लीत नुकतंच कुणीतरी पाणी मारलंय. पारिजातकाचा वास आता संपलाय, ऊन वर आलंय ना. शाळेची बस गेली, तिचा धूर. ते लक्ष देऊन ऐकायचे, मधूनमधून मान हलवायचे. कधी म्हणायचे, "हौदु, होय, ते येतंय मला," आणि मी विचारायची नाही की कुठून.

त्यानंतरच्या थंडीत मालकांनी नवं काम दिलं, कापूर घरात कसा वापरतात ते बघायचं. मी पाच पानांचे प्रश्न लिहिले, कन्नडमध्ये, या वेळी स्वतः. काकांना वाचायला दिले. त्यांनी आधी लाल पेनाने माझं व्याकरण सुधारलं. मग पुन्हा पहिल्या पानावर आले आणि प्रश्नांवर काट मारायला लागले, एकेक वाचून, सावकाश. मी खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून बघत होते. शेवटी एकच पान उरलं, त्यावरही बरीच जागा मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन मी पहिल्या घराची कडी वाजवली. धुकं अजून उतरलेलं नव्हतं. दार उघडणाऱ्या बाईंनी मला ओळखलं.

"या. आज काय विचारणार?"

"आज फारसं काही नाही," मी म्हणाले. "तुमची पूजा व्हायची आहे का अजून? मी नुसती बाजूला बसते."